पाणी थांबला, पूर यायचा हाय

रेड अलर्टचा ऑरेंज होतो, ऑरेंजचा यलो होतो आणि शहरातल्या यच्चयावत ऑफिसांत एकच प्रश्न फिरायला लागतो. वीकेंडला कुठे? दोन दिवस घरी बसून लॅपटॉप बडवलेले असतात, चॅनेलवाल्यांनी कंबरभर पाण्यात उभं राहून ओरडून घेतलेलं असतं, लोकल पुन्हा धावायला लागलेली असते. बाहेर स्वच्छ ऊन. मग लोणावळा, ताम्हिणी, माळशेज, जे काय जवळ असेल ते. ज्यांना कुठेच जायचं नसतं ते निदान गच्चीवरचं पाणी काढायला, बंद पडलेली बाइक सुरू करायला किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीचं काय झालंय ते बघायला निघतात.

मला विचाराल तर पावसाळ्यातले सगळ्यात खतरनाक दिवस हेच. धो धो कोसळत असतो तेव्हा माणूस घाबरलेला असतो, म्हणून जपून असतो. उघडीप झाली की भीती पळते. पाणी कुठे जातं? ते असतं तिथेच असतं, नाहीतर वाटेत असतं. हे ज्ञान मला कुठल्या डिझास्टर मॅनेजमेंटच्या वर्कशॉपमध्ये मिळालेलं नाही. मी परतवाड्याची आहे, बस्स.

परतवाडा कुठे आलं? अमरावतीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटच्या अगदी दारात. अचलपूरचं जुळं गाव. इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसं त्याला कॅम्प म्हणायची. सागवानाचा व्यापार, आरामशिनींची घरघर, संत्र्यांचे ढीग आणि चिखलदऱ्याला जाणाऱ्यांचा घाटाआधीचा शेवटचा चहा, अशी आमची ओळख. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात भेटतो.

आमच्या वऱ्हाडीत पावसाला पाऊस म्हणत नाहीत. पाणी म्हणतात. 'पाणी आला', 'लय पाणी झाला', 'पाणी थांबला'. मुंबईत पहिल्या पावसाळ्यात मी रूममेटला खिडकीतून ओरडून सांगितलं, 'अगं, पाणी आला!' तर ती बिचारी बादली घेऊन नळाकडे धावली. पण विचार केला तर आमचा शब्द जास्त शहाणा आहे. वरून पडतं तेही पाणी, नदीतून येतं तेही पाणी. पहिलं थांबलं म्हणून दुसरं थांबत नाही.

आमची नदी सापन. मेळघाटच्या डोंगरातून उतरते. उन्हाळ्यात तिच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की हिची भीती बाळगावी. पण वर चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि तिथे कोसळलेला पाऊस उतारावरून खाली यायला वेळ घेतो. मग व्हायचं असं की आमच्याकडे आभाळ मोकळं, अंगणात वाळवण घालायची तयारी, आणि नदीचा आवाज बदललेला. आजी दारात बसून डोंगराकडे बघायची. डोंगर ढगात गुडूप असला की आमचं नदीवर जाणं बंद. 'पाणी थांबला म्हून काय झालं? पूर यायचा हाय अजून. वरतं पाह्य आधी.' आम्ही पाय आपटायचो. आजीवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही.

खरी मजा, म्हणजे तेव्हा वाटायची ती मजा, लाकडं धरण्यात होती. जंगलातून पुराबरोबर ओंडके, फांद्या, कधी अख्खं झाड यायचं. पाऊस उघडला की मोठे पोट्टे काठावर जमायचे. दोराला गळ बांधून लाकूड ओढायचं, नाहीतर सरळ उडी मारायची. वर्षाचं सरपण एका दिवसात. आमच्या गल्लीतला एक जण असाच गेला. पाऊस थांबून किती तरी तास झाले होते, ऊन पडलं होतं, काठावर जत्रेसारखी गर्दी होती. नदी अर्ध्या मिनिटात वाढली असं बघणारे सांगत. दोन दिवसांनी तो पार खालच्या अंगाला सापडला. मी तेव्हा पाचवीत होते. त्याच्या आईने नंतर कित्येक वर्षं चुलीत नदीचं लाकूड घातलं नाही, एवढं मला आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं डोंगराकाठच्या नदीचं. किनाऱ्यावरच्या वादळाशी परतवाड्याचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या पावसाचा मोठा वाटा मुळात बंगालच्या उपसागराचा. तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर चढतो आणि पश्चिमेकडे सरकत छत्तीसगड, मध्य प्रदेश, विदर्भ असा प्रवास करत येतो. किनाऱ्यावरच्या लोकांची उघडीप होते तेव्हा आमची झड सुरू होते. २६ सप्टेंबर २०२१ला 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. टीव्हीवर ते तिथेच संपलं. प्रत्यक्षात त्याचं उरलेलं अंग तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर आलं, इथे धुमाकूळ घातला, पुढे अरबी समुद्रात उतरलं, तिथे 'शाहीन' या नव्या नावाने पुन्हा उभं राहिलं आणि थेट ओमानला जाऊन धडकलं. त्याच धामधुमीत २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस त्यात गेली आणि वाहून गेली. माणसं दगावली. समुद्र तिथून किती लांब ते नकाशात बघा.

आणि 'निसर्ग'. ३ जून २०२० रोजी दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं, ताशी ११० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची राहिलेली धुगधुगी कुठे होती? पश्चिम विदर्भावर. म्हणजे आमच्या डोक्यावर. आई फोनवर म्हणाली, 'तुमच्याकडचं वादळ आलं म्हणे आमच्याकडे. त्याला सांग, इथं समुद्र नाही, परत जा.' आईचा पीजे बाजूला ठेवा, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वादळ 'गेलं' म्हणजे फक्त आपल्या खिडकीतून गेलं.

पाण्याचंही तसंच. सापनेचं पाणी पुढे पूर्णेच्या खोऱ्यात जातं, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेला समुद्रात. ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात तुफान पाऊस झाला. उकाई धरण भरलं. दरवाजे उघडावे लागले, विसर्ग वाढत वाढत ९ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि ७ ऑगस्टपासून सुरत बुडायला लागलं. माझी आत्या तेव्हा अडाजणला राहायची. ती अजून सांगते, 'पाऊस असा काही नव्हताच गं. पाणी जिना चढत होतं, आणि आम्ही पायऱ्या मोजत होतो.' उकाई सुरतेपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. मध्य प्रदेशात आणि आमच्या वऱ्हाडात पडलेला पाऊस असा काही दिवसांनी तिच्या पहिल्या मजल्यावर पोचला. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस भंडाऱ्याला हेच झालं. पाऊस मध्य प्रदेशात, संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत, आणि बुडाले भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचे लोक.

म्हणून मला पावसाच्या अ‍ॅपपेक्षा धरणाच्या बातम्या जास्त प्रिय आहेत. तुमच्या गावाच्या वर कुठलं धरण आहे, ते किती भरलंय, विसर्ग चालू आहे का, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. शहरातल्या किती जणांना हे ठाऊक असतं? खडकवासल्याला सेल्फी काढणाऱ्याला विचारा, हे पाणी सुटलं की कुठल्या पुलावर येतं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. फुकट आहे. लावून विचारा. कुणी हसत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसचे पाच जण माझ्याबरोबर परतवाड्याला आले होते. प्लॅन चिखलदरा. पंचबोल पॉइंट, गाविलगड, भीमकुंड, फोटो, परत. पोचलो ती पहाट. रात्रभर पाऊस बदडून गेला होता आणि आम्ही चहा घेईपर्यंत मस्त ऊन पडलं. 'चलो, चलो' सुरू. आईने शांतपणे कणीक काढली. 'जेवल्याशिवाय नाही जायचं. घाटाखालचा नाला उतरू द्या.' सकाळी नऊ वाजता जेवण? पण आई ती आई. पातोडीची रस्साभाजी, पोळ्या, भात, वर तूप. आमचा टीम लीड घड्याळ बघत होता, एक जण उघडपणे चिडला होता. 'काकू, गूगलवर रस्ता निळा दिसतोय, ट्रॅफिकच नाहीये.' आई म्हणाली, 'मग तर नक्कीच थांबा. रोजचे लोक का नाहीत रस्त्यावर, ते विचार त्या गूगलले.'

साडेअकराला निघालो. वाटेतल्या रपट्याच्या अलीकडे दोन ट्रक, एक जीप आणि पंधरा-वीस माणसं उभी होती. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा बुटका पूल, आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यावरून लाल पाणी जात होतं. दिसायला घोट्याएवढं. चिडलेला भिडू म्हणाला, एवढ्यातून तर माझी हॅचबॅक आरामात जाईल. ट्रकवाला विडी ओढत बसला होता. त्याने फक्त पाण्यात एक वाळलेली फांदी टाकली. ती ज्या वेगाने गेली ते बघून सगळे गप्प. नंतर मी त्यांना आकडे सांगितले. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटू शकतात. ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते. ६० सेंटिमीटरला तुमची एसयूव्हीसुद्धा, ईएमआयसकट. आणि पाण्याखाली रस्ता आहे की खचलाय, ते वरून कुणालाच दिसत नाही.

दीड तास थांबलो. पाणी उतरलं, ट्रक गेले, मग आम्ही गेलो. चिखलदरा अर्थातच भारी होता. पण भीमकुंडाच्या धबधब्यापाशी मी कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पाणी वाढायला किती सेकंद लागले? अशा ठिकाणी तीन खुणा लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी एकदम गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा वरून गडगडल्यासारखा आवाज वाढला, तर मोबाइल, चपला, पिकनिकची बॅग, सगळं टाकून उंचावर पळायचं. वरच्या दिशेला, काठाने पुढे नाही. आणि विजा? शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढची ३० मिनिटं छपराखालीच. पाऊस थांबला तरी. वीज ढगापासून दहा किलोमीटर लांबसुद्धा पडते, म्हणून तर विदर्भात शेतातून घरी निघालेली माणसं उघड्या आभाळाखाली जातात. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप त्यासाठीच आहे. फुकटात मिळतं, फिल्टर नाहीत त्याला.

आता घरी बसणाऱ्यांकडे वळू, कारण अपघात काही फक्त पिकनिकवाल्यांनाच होत नाहीत.

'निसर्ग' येऊन गेल्यावर माझ्या एका कलीगच्या वडिलांनी काय केलं? त्यांचं घर श्रीवर्धन तालुक्यात. वादळात काकांना खरचटलंही नाही. सगळं कुटुंब मधल्या खोलीत दार लावून बसलं, डोळ्यांदेखत नारळी-सुपारीची वाडी आडवी झाली, कौलं उडाली, तरी सगळे सुखरूप. लॉकडाऊन होता, मुलगा पुण्यात अडकलेला, गावात लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं तेव्हा काका स्वतःच छपरावर चढले, ताडपत्री घालायला. वासा भिजून पिचला होता. खाली आले ते थेट ओट्यावर, कमरेचं हाड मोडून. वादळाच्या हिशोबात ते कुठे धरले गेले नसतील. पण कलीग पुढचं वर्षभर दर पंधरा दिवसांनी पुणे-श्रीवर्धन करत होता.

हा हिशोबाचा मुद्दा मला नेहमी छळतो. पोर्तो रिको नावाच्या बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' वादळ आलं. सरकारी आकडा होता ६४ मृत्यू. नंतर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पुढच्या महिन्यांमधले जास्तीचे मृत्यू मोजले तेव्हा आकडा निघाला २९७५, आणि तिथल्या सरकारने तो मान्य केला. वादळ तर एका दिवसात निघून गेलं होतं. बाकी जीव वीज नसल्याने, औषध न मिळाल्याने, दवाखान्यात पोचता न आल्याने गेले. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेत लुइझियानावर 'लॉरा' आलं. तिथे गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. म्हणजे वाऱ्यातून वाचले, आणि दिवे लावायच्या नादात झोपेत गेले. आपल्याकडे आता सोसायट्यांमध्ये, दुकानांमध्ये पोर्टेबल जनरेटर सर्रास दिसतात. बंद जिन्यात, पॅसेजमध्ये, पार्किंगच्या तळघरात तो चालू करायचा नाही. या वायूला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दगदग झाली.

विजेचं तर विचारूच नका. घरात पाणी शिरून गेलं असेल तर मेन स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि मेन स्विचपर्यंत जायलाच पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊच नका, वीज कंपनीला फोन करा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, सगळं वाळलेलं दिसलं तरी इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय लावायचं नाही. रस्त्यावर पडलेली तार ही चालू तार आहे असंच समजायचं, शेजारचे कितीही 'लाइट गेलीये हो' म्हणोत. लाइट कधीही येते. आणि बुडालेली गाडी चावी फिरवून बघू नका प्लीज. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की इंजिन कायमचं जातं, वर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुतेक वेळा बसत नाही. टो करून गॅरेजला न्या. ऑफिसला एक दिवस रिक्षाने गेलात तर प्रमोशन अडत नाही.

मातीच्या भिंतींबद्दल शहरात कुणी बोलत नाही, पण ज्यांचं गावाकडे जुनं घर आहे त्यांनी ऐका. भिंत झडीत पडत नाही असं नाही, पण आमच्याकडे बरेचदा उघाड पडल्यावर पडते. आठवडाभर पाणी पिऊन फुगलेली माती ऊन लागलं की तडकते. आजी उघडिपीनंतर दोन-तीन दिवस कुणाला मागच्या भिंतीलगत झोपू द्यायची नाही. पूर ओसरला की साप, विंचूही कोरडी जागा शोधत घरात येतात. बूट झटकून घाला, अंधारात लाकडाच्या ढिगात हात घालू नका, आणि चावलंच काही तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं हे सगळं सिनेमासाठी ठेवा. हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. १०८ला फोन.

मुंबईच्या २६ जुलै २००५बद्दल बोलल्याशिवाय हा विषय मला संपवता येत नाही. तो दिवस सगळ्यांना पाठ आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, मिठी नदी, रात्रभर चालत घरी आलेली माणसं. मला आठवतात ते त्यानंतरचे दिवस.

२८ जुलैच्या रात्री आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये आरडाओरडा झाला. धरण फुटलं, कुणी म्हणे सुनामी येतेय. आधीच्याच डिसेंबरची सुनामी लोकांच्या डोक्यात ताजी होती. माणसं पोरं काखोटीला मारून गच्चीकडे पळत सुटली. मी जिन्यात उभी राहून प्रत्येकाला एकच विचारत होते, कुठलं धरण? कुणालाही सांगता येईना. आमच्याकडे पूर आला की पहिला प्रश्न हाच असतो. कुठलं धरण, किती लांब, पाणी कुठून येणार? विदर्भाला त्याची किंमत माहीत आहे. ३० जुलै १९९१च्या पहाटे वर्धा नदीने मोवाड गाव धुऊन नेलं, २००हून जास्त माणसं गेली. आमच्या वयाची वऱ्हाडातली मुलं त्या गोष्टी ऐकत मोठी झाली. त्या रात्री मुंबईत कुठलंच धरण फुटलं नव्हतं. पण जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत याच अफवेने चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलंही. अरुंद गल्ल्या, अंधार आणि एक खोटी बातमी. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. आज काय होईल याचा विचार करा आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेलं काहीही पुढे ढकलण्याआधी १०७७ किंवा मुंबईत १९१६ लावा.

आणि माझी रूममेट. सांगलीची. बादली घेऊन नळाकडे धावली होती तीच. त्या मंगळवारी ती बांद्रा-कुर्ला संकुलातून निघून सात तास पाण्यातून चालत घरी आली. सँडलचा पट्टा तुटला, टाच कापली. आम्ही तिला गरम पाणी, चहा, मॅगी दिली, आणि पुढचा आठवडाभर ती ऑफिसात स्टार होती. सगळ्यांना आपली स्टोरी सांगत होती, गटारात कशी पडता पडता वाचली, एका अनोळखी मुलाने कसा हात धरला. पाऊस कधीच थांबला होता. अकराव्या दिवशी ताप आला. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. तिच्या पिंढऱ्या इतक्या दुखत होत्या की तिला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागत होतं. तिला वाटलं, चालल्यामुळे. डोळे लाल झाले, मग पिवळे. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तोपर्यंत किडन्या थकल्या होत्या.

लेप्टोस्पायरोसिस. तोवर मी तो शब्द ऐकलाही नव्हता. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात जातात. ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनासुद्धा. तोपर्यंत पाऊस विसरलेला असतो. म्हणून ताप आला की डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण होऊन सांगायचं, मी अमुक तारखेला पाण्यातून चाललो होतो. आणि मुंबई महापालिका आता दरवर्षी सांगते ते ऐकायचं. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, ते ठरवतील गोळी द्यायची की नाही. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून नाही.

तिला डायलिसिसवर ठेवलं. तिचे बाबा सांगलीहून आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर राहिले. मी ऑफिसातून सुटले की तिथे. तिच्या शेजारच्या खाटेवर कुर्ल्याचा एक टॅक्सीवाला होता, वय पस्तीसच्या आसपास. त्याने २६ तारखेला गाडीतून कितीतरी लोकांना बाहेर काढलं होतं म्हणे. एका संध्याकाळी गेले तर खाट रिकामी, चादर बदललेली. रूममेटने विचारलं, त्याला डिस्चार्ज मिळाला का. तिच्या बाबांनी हो म्हणून सांगितलं. ती तीन आठवड्यांनी घरी आली.

पुढे लग्न होऊन ती सांगलीतच राहिली. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा वाढली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि तिच्या माहेरच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी आलं. ती माणसं आधीच बाहेर काढून घेऊन आली होती. पाणी उतरायला बरेच दिवस लागले. मागे उरला नुसता चिखल, आणि त्याचा तो वास. सगळी गल्ली अनवाणी, पँट वर करून, फावडी घेऊन आत शिरत होती. ही दारात उभी. मिरजेहून गमबुटांचे बारा जोड आणि रबरी हातमोजे आणले होते. टाकीत, नळात आलेलं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. पायाला जखम असेल त्याने आत यायचं नाही. गमबुटांशिवाय तर कुणीच नाही, मग तो घरमालक का असेना. घरमालक तिचे बाबाच होते. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर कोल्हापुरी वापरलेले. त्यांनी पायरीवर बसून, काही न बोलता, नऊ नंबरचे काळे गमबूट चढवले. एक साइज मोठेच होते. पुढे वर्तमानपत्र कोंबावं लागलं.